सामायिक फोल्डरचा धनी कोण?

बालाघाट जिल्हा धानाचा. वैनगंगेच्या खोऱ्यात वारासिवनी, लालबर्रा, खैरलांजी या पट्ट्यात खरिपाचे धान निघाले, की राइस मिलच्या कार्यालयांतले दिवे रात्री उशिरापर्यंत मालवत नाहीत. धान किती आले, तांदूळ किती उतरला, कोंडा आणि कनकी कोणाकडे गेली, बारदाना किती परत आला, हा हिशेब एकेकाळी लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत असे. आता तो बहुतेक ठिकाणी टॅलीत असतो. एकाच वेळी दोघा-तिघांना नोंदी करायच्या असल्या, तर टॅलीचा डेटा एका संगणकावर ठेवतात आणि बाकीचे संगणक नेटवर्कवरून त्याच फोल्डरला जोडतात. ज्यावर तो फोल्डर असतो त्याला सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात. बहुधा तो मुनीमजींच्या टेबलाखाली असतो, त्यावरच जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात आणि प्रिंटरही त्यालाच जोडलेला असतो.

टॅलीत प्रत्येक कंपनीच्या हिशेबाला आकडी नावाचा एक फोल्डर मिळतो. नवी नोंद म्हणजे त्यातल्या फाइलींत लिहिणे, म्हणून जोडलेल्या प्रत्येकाला तिथे लिहिण्याचा हक्क द्यावाच लागतो. शहरातून किंवा चाळीसेक किलोमीटरवरच्या गोंदियाहून आलेला कॉम्प्युटरवाला हे काम मिनिटभरात उरकतो: फोल्डरवर राइट क्लिक, शेअरिंग, ‘एव्हरीवन’, ‘फुल कंट्रोल’. नोंदी सुरू होतात, त्याचे पैसे चुकते होतात. टॅलीच्या आत प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देता येतो. कोणी फक्त पाहावे आणि कोणी बदलावे हेही ठरवता येते. पण तो पासवर्ड टॅलीत शिरणाऱ्याला अडवतो, विंडोजच्या एक्सप्लोररमधून थेट फोल्डरपाशी पोचलेल्याला नाही. असा माणूस अख्खे आर्थिक वर्ष पेनड्राइव्हवर उचलून नेऊ शकतो, किंवा भलताच फोल्डर समजून हाच पुसून टाकू शकतो. आणि नेटवर्कवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती गेली की गेली.

मिल हे छोटे उदाहरण झाले. शाळा, पतसंस्था, दवाखाना, ठेकेदाराचे कार्यालय, पंचायत, तहसील, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच मांडणी दिसते. सर्व्हर कसा उभारायचा आणि फाइल कशी वाटायची, हे तांत्रिक प्रश्न सुटून तीस-चाळीस वर्षे होऊन गेली. कोणाला काय दिसावे हे ठरवणारा माणूस मात्र बहुतेक कार्यालयांत नेमलेलाच नसतो, म्हणून ते काम जोडणी करणाऱ्याच्या माउसवर सोडलेले असते. या आढाव्यात जे जे पुढे येते, त्याच्या मुळाशी हीच रिकामी खुर्ची आहे.

तंत्राचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आयबीएममधल्या बॅरी फायगेनबाउम यांनी एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावरून उघडण्याची एक भाषा तयार केली. तिचे नाव एसएमबी. विंडोजवर ‘नेटवर्क ड्राइव्ह’ जोडताना आजही तीच वापरली जाते. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने युनिक्ससाठी एनएफएस आणले. त्याच सुमारास नोव्हेलचे नेटवेअर आले आणि नव्वदीच्या दशकात भारतातल्या बँका, कारखाने आणि संगणक प्रशिक्षण वर्गांत ते घरोघरचे झाले. १९९३ मध्ये विंडोज एनटी आले, २००० मध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली: सगळ्या संगणकांवरची सगळी खाती एका ठिकाणाहून चालवण्याची सोय.

यातली सर्वांत गमतीची कहाणी ऑस्ट्रेलियातली. कॅनबेराच्या विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास, नेटवर्कवरून काय जाते-येते ते ऐकत बसून, युनिक्सला डॉस-विंडोजच्या भाषेत बोलायला शिकवले. हाच प्रकल्प पुढे ‘साम्बा’ म्हणून ओळखला गेला. एस, एम आणि बी ही अक्षरे त्याच क्रमाने येणारा शब्द त्यांनी शब्दयादीत शोधला, त्यातून हे नाव निघाले. पुढे मायक्रोसॉफ्टने ही भाषा कागदोपत्री उघड करावी यासाठी युरोपीय महासंघात खटला चालला. २००७ च्या सप्टेंबरात न्यायालयाने युरोपीय आयोगाचा मायक्रोसॉफ्टविरुद्धचा निर्णय उचलून धरला आणि त्याच डिसेंबरात साम्बाच्या मंडळींनी दहा हजार युरो भरून ती कागदपत्रे मिळवली. २०१२ च्या अखेरीस आलेल्या साम्बा ४ मध्ये तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे काम फुकटच्या लिनक्सवर करता येऊ लागले. नेटवर्कवर फाइली साठवायला बाजारात ‘नॅस’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक छोट्या डब्यांच्या पोटात लिनक्स आणि साम्बाच असते, विकत घेणाऱ्याला ते कळत नाही एवढेच.

आता परवानगी. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे भाग काढून बनला, आणि तेव्हापासून इथला कारभार कागदांवर चालला आहे. बंदोबस्ताच्या मिसली, खसरे, बस्त्यात बांधलेली प्रकरणे. १९५६ पर्यंत इथली फाइल वर गेली की नागपूरला जाई; राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि फाइलचा रस्ता भोपाळकडे वळला. पण अभिलेखागाराचे नियम बदलले नाहीत. मूळ कागद बाहेर जात नाही. हवा असेल त्याने अर्ज करावा, शुल्क भरावे, शिक्क्याची नक्कल घ्यावी. प्रकरण साहेबांच्या टेबलावर मागवले तर नोंदवहीत सही. वाचण्याचा हक्क वेगळा, शेरा मारण्याचा वेगळा, कागद नष्ट करण्याचा तर तिसराच, आणि त्याला मुदतीचे कोष्टक. दीडशे वर्षे ज्या कार्यालयांनी हा भेद पाळला, त्यांनीच संगणक येताच सगळ्यांना सगळे देऊन टाकले, हा या विषयातला सर्वांत मोठा विरोधाभास म्हणावा लागेल.

यंत्राला हा भेद कळत नाही असे मुळीच नाही. विंडोजमध्ये तो दोन थरांत असतो. पहिला थर शेअरचा: नेटवर्कवरून येणाऱ्याला फोल्डर दिसावा का, आणि कितपत. दुसरा थर डिस्कचा, एनटीएफएसचा: त्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर कोणाला वाचता, बदलता, पुसता येईल. दोन्ही थरांत जो अधिक कडक तो लागू होतो. जाणकार म्हणूनच शेअरचा थर सैल ठेवून सगळी शिस्त डिस्कच्या थरात लावतात, कारण शेअरचा थर फक्त नेटवर्कवरून येणाऱ्यालाच लागू असतो. त्याच संगणकासमोर येऊन बसलेल्याला तो अडवतच नाही. सर्व्हर जेव्हा मुनीमजींच्या टेबलाखालचाच संगणक असतो, तेव्हा या बारीकशा फरकाला फार मोठी किंमत येते.

विंडोज २००० पर्यंत नवा शेअर केला की ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ हे आपोआपच लागत असे. सर्व्हर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने ते ‘फक्त वाचा’ असे केले. म्हणजे गेली वीसहून अधिक वर्षे हा घोटाळा यंत्राने केलेला नाही; कोणीतरी मुद्दाम त्या चौकटीत खूण करतो, कारण खूण केली नाही तर ‘ॲक्सेस डिनाइड’ येते आणि साहेब फोन करतात.

लिनक्सची पद्धत जुनी आणि सुटसुटीत आहे. प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट, आणि बाकीचे जग; तिघांना प्रत्येकी वाचणे, लिहिणे, चालवणे. यात नवख्याला हमखास फसवणारी गोष्ट अशी, की फाइल पुसण्याचा हक्क फाइलवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर ठरतो. फाइलला ‘फक्त वाचा’ करून निर्धास्त झालेला माणूस दुसऱ्या दिवशी ती नाहीशी झालेली पाहतो. उपाय अवघड नाही. खरेदी, लेखा, आस्थापना असे कामानुसार गट करावेत, फोल्डरची मालकी गटाला द्यावी, आणि नव्या फाइलींना त्याच गटाची मालकी आपोआप मिळेल अशी खूण फोल्डरवर लावावी. आकड्यांत लिहायचे तर २७७०. साम्बामध्ये पुसलेल्या फाइली बाजूला ठेवणारा ‘रिसायकल’ नावाचा जोडभागही आहे. चार ओळी लिहिल्या की नेटवर्कवरून पुसलेली फाइल परत मिळवता येते. विंडोज सर्व्हरवर हेच काम ‘शॅडो कॉपी’ करते आणि फोल्डरची कालची, परवाची अवस्था दाखवते. दोन्ही सोयी विकत घेतलेल्या यंत्रात आधीपासून असतात, फक्त चालू करायच्या असतात. त्याऐवजी घडते ते ७७७: सगळ्यांना सगळे. ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’चा हा लिनक्सी भाऊ.

गट ही कल्पना खरे तर सरकारी कार्यालयाला सहज पटावी अशी आहे. अधिकार खुर्चीला असतो, माणसाला नाही. बदली झाली की माणूस गटातून काढायचा, नवा आला की घालायचा. फोल्डरला हात लावायची गरज नाही. पण बदलीच्या आदेशाची प्रत सगळ्या शाखांना जाते, संगणक बघणाऱ्याला सहसा जात नाही. परिणामी गेलेल्या माणसाचे खाते चालूच राहते आणि त्याचा पासवर्ड शेजारच्या टेबलाला ठाऊक असतो.

बालाघाटची आणखी एक अडचण दिल्ली-बंगळूरच्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. इथे कार्यालयाची भाषा हिंदी, घरात कोणाची मराठी, कोणाची पवारी, बैहरकडे गोंडी. देवनागरी मात्र सर्वांची. फाइलींची नावेही हळूहळू देवनागरीत येऊ लागली आहेत, आणि तिथे यंत्र खोडी काढते. जिल्ह्यातल्या एका तहसिलीचे नाव हिंदीत परसवाड़ा असे लिहितात. त्यातला नुक्त्याचा ‘ड़’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो: एकाच संकेतांकाने, किंवा साधा ‘ड’ आणि त्यापाठोपाठ नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कोणता कीबोर्ड कोणती रीत वापरेल याचा भरवसा नाही. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची एक्स्ट४ या दोघींनाही ती दोन वेगळी नावे वाटतात. एकाच सामायिक फोल्डरमध्ये परसवाड़ा नावाचे दोन उपफोल्डर शेजारी शेजारी नांदू शकतात, एकात जूनची यादी, दुसऱ्यात जुलैची, आणि दोन बाबू एकमेकांना ‘फाइल टाकली आहे, नीट बघा’ असे सांगत राहतात. मराठीतही ‘वऱ्हाड’ किंवा ‘खोऱ्यात’ लिहिताना येणारा अर्धा ‘ऱ’ असाच दोन वाटांनी बनतो.

दुसरी खोडी लांबीची. विंडोजमध्ये फाइलचे नाव २५५ खुणांचे असू शकते. लिनक्समध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते; काना, वेलांटी, हलंत, सगळे वेगळे मोजून. म्हणजे नाव ८५ चिन्हांत संपवावे लागते. सरकारी पत्राचा विषयच फाइलचे नाव म्हणून चिकटवायची सवय असलेल्या कार्यालयाला ८५ चिन्हे कुठे पुरणार? अशा फाइली विंडोजवर सुखाने राहतात, आणि बॅकअपसाठी नॅसवर उतरवताना नेमक्या त्याच मागे पडतात. बॅकअपची खिडकी शेवटी ‘काही फाइली वगळल्या’ म्हणते. ती ओळ कोण वाचतो?

तिसरी अडचण जुनी, कृतिदेवची. मध्य प्रदेशातला सरकारी मजकूर वर्षानुवर्षे कृतिदेव फाँटमध्ये टंकला गेला. फाँट बसवलेला असेल तर हिंदी दिसते, प्रत्यक्षात फाइलमध्ये रोमन अक्षरांचा चिवडा असतो. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट गटाने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणावर केलेले काम आणि १९९१ मधले इस्की हे भारतीय मानक हाताशी असताना, आणि नंतर युनिकोड आलेले असताना, फाँटांचा हा सवतासुभा टिकला तो टंकलेखकांच्या बोटांच्या सवयीमुळे. सामायिक फोल्डरच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की सर्व्हरवरच्या हजारो जुन्या पत्रांत गावाचे नाव टाकून शोध घेतला तर काहीही सापडत नाही. फाइल आहे, पण शोधयंत्राच्या लेखी नाही.

यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. खरे तर तो सर्वांत शेवटचा. विंडोज सर्व्हरचा परवाना किमान १६ कोअरचा घ्यावा लागतो आणि जोडणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा यंत्राचा वेगळा परवाना लागतो. छोट्यांसाठीच्या ‘इसेन्शियल्स’ आवृत्तीत २५ जणांपर्यंत तो खर्च वाचतो. साधी विंडोजच सर्व्हर म्हणून वापरली तर एक्सपी प्रोफेशनलमध्ये एका वेळी दहा जोडण्या मिळत, विंडोज ७ पासून वीस. त्यापुढचा जोडला जात नाही आणि त्याला कारणही धड कळत नाही. लिनक्सला परवान्याचा खर्च नाही, केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले, सी-डॅकची बॉस ही भारतीय लिनक्स त्याआधीपासूनच होती. अडचण पैशाची कमी आणि माणसाची जास्त. पाच-सात टेबलांच्या कार्यालयाला दोन डिस्कांचा नॅस पुरेसा असतो, हे दुकानदार सहसा सांगत नाही; कारण त्याला दुरुस्तीला वारंवार यावे लागत नाही.

सगळे क्लाउडवर टाका, हा सल्ला भोपाळ-नागपुरात ठीक. लांजी, बिरसा, बैहरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात फायबर तुटला आणि वीज गेली, तर क्लाउडवरची फाइल असून नसल्यासारखी. इथे जवळचा सर्व्हर ही जुनाट आवड नसून गरज आहे. आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त फाइली कशावरून फिरतात? व्हॉट्सॲपवरून. एका आदेशाच्या बारा प्रती, बारा मोबाइलमध्ये, आणि शेवटची दुरुस्त प्रत कोणती यावर तेरावी चर्चा.

आता दुखण्याची बाजू. २०१६ च्या मे महिन्यात मुंबईत मंत्रालयात लॉकी नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशेच्या आसपास संगणक बाधित केले. महसूल आणि सार्वजनिक बांधकाम विभागांची नावे तेव्हा बातम्यांत होती. लॉकीची रीत समजून घेण्यासारखी आहे. तो ई-मेलच्या जोडपत्रातून येतो, आणि ज्याने ते उघडले त्याच्या नावाने काम करतो. त्या माणसाला नेटवर्कवर जिथे जिथे लिहिण्याचा हक्क आहे, तिथल्या फाइली कुलूपबंद करतो. ज्या फोल्डरवर त्या माणसाला फक्त वाचता येते, तिथे या मार्गाने त्याला काही करता येत नाही. ‘फुल कंट्रोल’ची ती खूण म्हणजे चोराच्या हाती दिलेला जुडगा, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढच्या वर्षी हक्कांचीही गरज उरली नाही. एसएमबीच्या सर्वांत जुन्या आवृत्तीत एक भोक होते. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी त्यावर ठिगळ दिले. १२ मेला वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू आला आणि ज्यांनी ठिगळ लावले नव्हते अशी दोन लाखांहून अधिक यंत्रे सुमारे दीडशे देशांत बंद पडली. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक, केरळातल्या काही पंचायती त्यात सापडल्या. मधले दोन महिने लोक काय करत होते, हा प्रश्न विचारायला सोपा आहे. अपडेट चालू केले की यंत्र हळू होते, डोंगलचा डेटा संपतो, म्हणून ते बंद ठेवायचे, ही जिल्ह्याच्या ठिकाणची व्यवहारी बुद्धी होती. लिनक्सवाल्यांनीही फार हसू नये: त्याच मे महिन्यात साम्बामध्येही २०१० पासून असलेले तसेच एक भोक उघडकीला आले.

महाराष्ट्राला खरा तडाखा बसला २७ जून २०१७ ला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला नॉटपेट्या हा विषाणू मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले तिच्या समूहाचे गेटवे टर्मिनल ठप्प झाले. कोणता कंटेनर कुठला हे सांगणारी यंत्रणाच गेली. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितले, की दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभारावे लागले. सगळ्या खात्यांची यादी सांभाळणारे डोमेन कंट्रोलर जगभर एकमेकांची प्रत ठेवत, म्हणून वेगळा बॅकअप कोणाला गरजेचा वाटला नव्हता, आणि ते सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो घानामधला एक. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगने कंपनी वाचवल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे.

एसएमबीची ती जुनी आवृत्ती २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोजपासून आपोआप बसत नाही. तरीही ती कार्यालयांत जिवंत आहे, आणि तिला जिवंत ठेवणारे यंत्र आहे कोपऱ्यातले जुने झेरॉक्स-स्कॅनर. स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये टाकताना ते फक्त जुनीच भाषा बोलते. संगणक बदलला की स्कॅन यायचे थांबते, मग यूट्यूबवरचा उपाय पाहून कोणीतरी जुनी आवृत्ती परत चालू करतो. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीने पाहुण्याच्या, म्हणजे पासवर्डाविना, जोडण्याही बंद केल्या, तेव्हा घरगुती नॅस वापरणाऱ्या कितीतरी जणांचे फोल्डर दिसेनासे झाले. त्यावरही तसलेच उपाय लगोलग फिरू लागले. स्कॅनरवरून पेनड्राइव्हवर कागद घेणे किंवा स्कॅनरसाठी एकच वेगळा फोल्डर आणि वेगळे खाते ठेवणे, हे कंटाळवाणे पण शहाणपणाचे.

मोठ्यांची अवस्था फार वेगळी नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि नोंदणी खिडक्या कागदावर आल्या. नेटवर्कचे नीट विभाग पाडलेले नव्हते, असे कारण सरकारने संसदेत दिले. ३१ जुलै २०२४ ला खंडणीखोर हल्ल्यानंतर सी-एज या बँकांच्या सेवा कंपनीला बाकीच्या देयक व्यवस्थेपासून तोडावे लागले आणि सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार अडले. त्या बँकांच्या शाखांत कोणी चूक केली नव्हती. सर्व्हर दुसऱ्याचा, कारभार तिसऱ्याचा.

बॅकअपबद्दल सगळ्यांचे एकमत असते आणि जवळ जवळ कोणाकडेच तो तपासलेला नसतो. एकाच डब्यातल्या दोन डिस्का एकमेकींची प्रत ठेवतात तेव्हा एक बिघडली तर दुसरी तारते. पण पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. दुसरी इमारत का, हे मध्य प्रदेशाला सांगायला नको. १२ जून २०२३ रोजी भोपाळच्या सातपुडा भवनात तिसऱ्या मजल्यावर लागलेली आग वर चढत गेली आणि आदिवासी विकास, आरोग्य या विभागांच्या हजारो फाइली जळाल्या. महाराष्ट्राने तेच २१ जून २०१२ ला मंत्रालयात पाहिले होते. छोट्या कार्यालयाला दोन बाह्य डिस्का पुरतात, एक यंत्राला जोडलेली आणि एक साहेबांच्या घरी. दर शुक्रवारी अदलाबदल. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोराला दिसते, घरच्या कपाटातली दिसत नाही. आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल परत काढून उघडून पाहणे. हे शेवटचे काम गिटलॅबसारख्या सॉफ्टवेअर कंपनीनेही केले नव्हते. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या प्रशासकाने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली, आणि पाच प्रकारच्या बॅकअपपैकी एकही नीट चालत नसल्याचे त्या रात्री कळले.

हे सगळे करायचे कोणी? जिल्ह्यात एनआयसीचे केंद्र आहे, ई-गव्हर्नन्सचे प्रबंधक आहेत. त्यांचा दिवस पोर्टल, व्हिडिओ कॉन्फरन्स आणि धान उपार्जनाच्या नोंदणीतच जातो. कार्यालयांत प्रत्यक्ष बसतो तो आउटसोर्स डाटा एंट्री ऑपरेटर. मध्य प्रदेशात त्याची सीपीसीटी परीक्षा होते: टंकलेखनाचा वेग आणि संगणकाच्या सामान्य ज्ञानाचे प्रश्न. महाराष्ट्रातली एमएस-सीआयटी याच घरातली. दोन्ही परीक्षा वापरणारा घडवण्यासाठी आहेत, सांभाळणारा घडवण्यासाठी नाहीत, आणि तसा त्यांचा दावाही नाही. सांभाळणाऱ्याचे पद मात्र आकृतिबंधात नसते, म्हणून ऑपरेटरच ॲडमिन होतो, कंत्राट संपले की निघून जातो, आणि मुख्य पासवर्ड सीपीयूवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर मागे राहतो. खासगी कार्यालयांत तो कॉम्प्युटरवाल्याच्या मोबाइलमध्ये असतो. तो दुरून एनीडेस्कने जोडतो. काही ठिकाणी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे दार कायमचे उघडे ठेवलेले असते, आणि अशी दारे शोधत फिरणारे कार्यक्रम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात.

कायद्याने या बाबतीत अलीकडे पाऊल पुढे टाकले आहे. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची, नोंदी १८० दिवस देशात जपायच्या, आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची. निर्देश सरकारी कार्यालयांना आणि कंपन्यांना लागू आहेत. पण विंडोजमध्ये कोणी कोणती फाइल उघडली वा पुसली याची नोंद मुळात बंद असते. ती चालू केली तरी सुरक्षा नोंदवहीचा ठरीव आकार २० मेगाबाइट, गजबजलेल्या फोल्डरवर तो लवकरच भरतो आणि जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. आकार वाढवणे हे दोन क्लिकचे काम. पाच माणसे ‘ॲडमिन’ या एकाच खात्याने काम करत असली तर मात्र नोंदवही कितीही मोठी केली तरी तिच्यात एकच नाव सापडते. आणि घड्याळ? जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा बटणसेल संपला, की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. डोमेन असलेल्या कार्यालयात पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की लॉगिनच नाकारले जाते, त्यामुळे तिथे कोणीतरी तो सेल बदलतो. जिथे डोमेन नाही तिथे काम चालूच राहते, आणि त्या दिवशीच्या सगळ्या फाइलींवर कुठल्या तरी भलत्याच वर्षाची तारीख पडते.